दोन सूत कमी

बाई, तुमचं चुकलं होतं. हे मी तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही आधी माझं 'मले' सुधारून 'मला' म्हणायला लावलं असतं आणि तेवढ्यात माझा राग निवून गेला असता. म्हणून आता लिहिते. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुम्ही आम्हाला शिकवायच्या तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता मोठी आहे आणि मला मधेच थांबवणारं कोणी उरलेलं नाही. तुमच्या हाताखालून इतक्या पोरी गेल्या की मी कोण हे सांगावंच लागेल. मी चांदूर बाजारकडची, बारावीला इंग्रजीत नापास होऊन अकोल्याला मावशीकडे राहायला आलेली, तुमच्या क्लासात दाराजवळच्या मशीनवर बसणारी. त्या मशीनचा पट्टा सारखा उतरायचा आणि तुम्ही म्हणायच्या, मशीन नाही, तुझा पाय बिघडलाय. बाकीच्या हसायच्या. आठवलं तर ठीक, नाही आठवलं तरी माझं लिहिणं थांबत नाही.

जठारपेठेतल्या तुमच्या घराची ती पुढची खोली. सहा मशिनी, बारा पोरी, एकीनं शिलाई मारायची तोवर दुसरीनं काजं-बटणं करायची, मग अदलाबदल. उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरचं पाणी कापडावर उडू नये म्हणून तुम्ही त्याच्यापुढे खुर्ची टाकून स्वतः बसायच्या, आणि संध्याकाळपर्यंत तुमची पाठ ओली झालेली असायची. तुम्ही कष्टाळू होता हे मी कधी नाकारलं नाही. आणि तुमच्याजवळ ती काच होती. फोटो फ्रेमवाल्याकडून कापून आणलेली, साडेबारा इंच बाय साडेबारा इंच, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर लाल ऑइल पेंटनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. गोधडीचा चौकोन शिवून झाला की तो या काचेखाली जायचा. लाल रेघा शिलाईवर बसल्या पाहिजेत, काचेच्या चारी बाजूंनी थोडं थोडं कापड बाहेर दिसलं पाहिजे, मग तुम्ही खडूची रेघ मारून तेवढंच बाहेरचं कापड कापायच्या. आम्ही आपसात म्हणायचो, आज कोण काचेखाली?

खरं सांगते, तोवर गोधडीचं कापड मोजतात हेच मला माहीत नव्हतं. माझी माय जुनं लुगडं टरकन फाडायची, कात्री लावायचीच नाही, आणि तुकडे कमी-जास्त निघाले की ओढून टाके घालायची. ओढलं का बसते, एवढंच तिचं शास्त्र. तुम्ही सांगितलंत की ओढलेलं कापड पहिल्या धुण्यात आपल्या जागी परत जातं आणि गोधडीला पोट येतं. मी सुट्टीत घरी जाऊन पाहिलं, मायच्या सगळ्या गोधड्यांना पोट होतं. चौकोनावर इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, हे तुमचं. आधी दोनच बाजू कापायच्या, मग चौकोन अख्खा फिरवून उरलेल्या दोन, हेही तुमचं. चौकोनात तुकडे जोडून चांदणी करायची, आणि शिलाईत दोन सूत कापड जातं, म्हणजे पाव इंच, तेवढं चांदणीच्या टोकापुढे शिल्लक पाहिजे, नाहीतर टोक शिलाईत गडप होतं आणि चांदणी बोथट दिसते, हेही तुमचंच. आजही माझ्या हातून चांदणीचं टोक बोथट होत नाही. शिकवण्यात तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे.

महिला मंडळाच्या प्रदर्शनासाठी सगळ्या क्लासची मिळून एक गोधडी करायची ठरली. बारा जणी, बारा चौकोन, प्रत्येकीची एक चांदणी, आणि प्रत्येकीनं त्यात घरचं एक कापड लावायचं. ही कल्पना तुमची होती आणि आम्हाला फार आवडली होती. नवं कापड असेल तर आदल्या दिवशी भिजवून आटवून घ्या, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. मी मायला निरोप धाडला. तिनं गावच्या माणसाबरोबर एक हिरवा खण पाठवला, नवा कोरा, घडीवर पिवळी पडलेली रेघ. तिच्या मायनं तिची शेवटची ओटी भरली होती, त्यातला तो खण. इतकी वर्षं तिनं त्याचं पोलकं शिवलं नव्हतं. सोबत सांगणं होतं, "कोराच लावजो, पाण्यात नको घालू." आमच्या घरी ओटीतलं कापड अंगाला लागायच्या आधी ओलं करत नाहीत. का ते मला विचारू नका, नाही करत.

आता मी काय करायचं होतं, बाई? एकीकडे तुम्ही, एकीकडे माय. मी मायचं ऐकलं. चांदणीची उजवी बाजू त्या खणाची केली, कोरीच लावली, आणि जपून शिवली. मग तुम्ही पाणी शिंपडून इस्त्री ठेवायला सांगितली, आणि मला कळत होतं काय होणार ते. खण माझ्या डोळ्यांदेखत आटला. तुम्ही काच ठेवली. तीन बाजूंनी कापड बाहेर, चौथ्या बाजूला काचेच्या आत. तुम्ही फूटपट्टी लावून मोजलंत आणि म्हणालात, दोन सूत कमी. मी उभी आहे, माझे हात मागे आहेत, मशिनी थांबल्या आहेत. मी खणाचं सांगायला लागले, पण माझं बोलणं गावाकडच्या वळणावर गेलं आणि कोणीतरी हसलं, मग मी गप्प झाले. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "कमी भरला तो बाद. एकीसाठी बाकी अकरा जणींचे कापायचे का?" आणि चौकोन माझ्या हातात दिलात. दोन दिवसांनी माझ्या जागी तुमच्या हातचा चौकोन लागला होता, गुलाबी कापडाचा, काटेकोर, टोकं कशी सुईसारखी.

तुम्हाला पुढचं माहीत नाही, कारण ते मी कोणालाच सांगितलं नाही. प्रदर्शनाला माय आली. दोन एसट्या बदलून, लग्नकार्याला नेसायचं नऊवारी नेसून. तिनं त्याआधी अकोला पाहिलं नव्हतं. दालनात शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या, मी म्हटलं, माय, घाल, इथे कोणी काढत नाही. ती गोधडीपुढे उभी राहिली आणि विचारलं, "आपला कोनता वं?" मी बोट दाखवलं. तुमच्या गुलाबी चौकोनाकडे. ती जवळ जाऊन पाहत म्हणाली, "छान हाय. पन आपला खन तं दिसून नाही राहिला." मी म्हटलं, आतून लावलाय, अस्तराला. तिनं मान डोलावली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. डोळे मिटेपर्यंत तिला हेच वाटत राहिलं की अकोल्याच्या एका गोधडीत आतल्या अंगाला तिच्या मायचा खण आहे. एकदा तिनं शेजारणीलाही तसं सांगितलेलं मी ऐकलं. बाद झालेला तो चौकोन मी पुढे उसवला आणि खण माझ्या थोरलीच्या झबल्याला लावला, पण मायला ते दाखवायचं माझं धाडस झालं नाही.

तुम्ही म्हणाल, नियम म्हणजे नियम. सगळे चौकोन सर्वांत लहान असेल त्याच्या मापाला कापायचे, नाहीतर लहान तो बाद करायचा, दोनच वाटा. खोटं आहे ते. तिसरी वाट तुम्हाला माहीत होती. गिऱ्हाइकाचं पोलक्याचं कापड कमी पडलं की बाहीला काखेत जोड कोण द्यायचं? तुम्हीच. असा जोड द्यायच्या की त्या बाईला घरी जाऊन शोधला तरी सापडू नये. मग माझ्या चौकोनाला बोटभर पट्टी लावून तो काचेखाली का नाही घेतलात? तुमचा हात कमी पडला नसता. मला वाटतं तुम्हाला ती पट्टी लोकांना दिसायला नको होती. क्लासच्या गोधडीत ठिगळ कशाला. अहो बाई, गोधडी म्हणजे सगळी ठिगळंच असतात.

तुमचे उपकार मी विसरले नाही, तेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल पोरगी उलटली. अमरावतीला शाळेचे गणवेश शिवायच्या ठिकाणी मला काम लागलं ते तुमच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतं, हात स्वच्छ आहे, बोलणं सुधारेल. हात स्वच्छ राहिला. बोलणं नाही सुधारलं, आणि मी ते सुधारायला गेलेही नाही. लग्न झालं, नवरा रेल्वेत, बडनेऱ्याला घर झालं, आणि पोरं शाळेत जायला लागल्यावर मी पुढच्या खोलीत क्लास काढला. मला कोणी बाई म्हणत नाही. ताई म्हणतात. काचेऐवजी आता माझ्याकडे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी आहे, गोल पात्याचं कटर आहे, खाली हिरवी चटई. मापात मी तुमच्यापेक्षा कडक आहे, एक सूतसुद्धा सोडत नाही. पण माझ्या क्लासात चौकोन बाद होत नाही. कमी भरला तर चारी बाजूंनी कापडाची पट्टी लावायची, मग पट्टीसकट काटेकोर कापायचा. चांदणी जराशी लहान दिसते, चौकटीत बसल्यासारखी. दिसू द्या ना.

आता कशासाठी लिहायला बसले ते सांगते. माझ्या क्लासात एक बाई येते, चाळिशीची, नवरा रुळांवर गँगमध्ये काम करतो. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यामुळे तिला कापड सुईखाली नीट धरता येत नाही आणि शिलाई नेहमी जाड जाते, कापड जास्त आत घेते. शिलाई जाड गेली की चौकोन कमी भरणार, हे तुम्हाला सांगायला नको. पण रंग जुळवावेत तर तिनंच. यंदा अकोल्याच्या प्रदर्शनासाठी आम्ही बारा जणींनी गोधडी केली, आणि तिचा चौकोन पट्टी लावून मधोमध बसवला. स्पर्धेत पहिल्या आलेल्या गोधडीच्या क्लासला वर्षभराचं काम मिळणार होतं, म्हणून सगळ्या जीव तोडून लागल्या होत्या. मी ती घेऊन अकोल्याला गेले, तीही सोबत आली, आणखी तिघी होत्या.

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, गोड बोलत होत्या. त्यांनी गोधडी पसरली, एकेका चौकोनावर मापाची पट्टी ठेवली आणि मधल्याशी थांबल्या. म्हणाल्या, याला जोड आहे, नियमात बसत नाही, सगळे अखंड हवेत. मग त्यांनी हळूच मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून दोन दिवस आहेत, तुमचा हात इतका छान आहे, तुम्हीच एक चौकोन करून बदलून टाका ना. बाई, मी चाळीस वर्षांनी त्याच जागी उभी होते, फक्त यावेळी कापणारी मी होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बदलणार नाही." त्या म्हणाल्या, मग स्पर्धेत घेता येणार नाही. मी म्हटलं, नका घेऊ, पण टांगणार मी आजच, आणि टांगूनच जाणार.

तेव्हा जिच्यासाठी भांडत होते तीच माझ्या मागे येऊन उभी राहिली. "ताई, काढा ना तो माहा. बारा बायांचं काम एकीपायी मांगं पडून राहिलं." अगदी तुमचंच म्हणणं, फक्त तिच्या तोंडून. मी तिला गप बस म्हटलं, चारचौघांत, ते बरं नाही केलं. आणि सोबतच्या तिघींपैकी एकजण म्हणाली, "ताई, पन आमचं काय?" तिचं बरोबर होतं. तिच्या घरी दोन पोरी शिकायला आहेत, तिला ते काम हवं होतं. ती माझ्यावर रुसली आहे, मंगळवारी क्लासलाही आली नाही. तरी मी ऐकलं नाही. माझ्या हट्टाची किंमत अकरा जणींनी दिली हे मला कळतं, आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीला खिळे होते, तिथे आम्ही ती टांगली. पाणी प्यायला येणारी माणसं तिच्यापुढे थांबत होती. एका म्हाताऱ्या बाईनं मधल्या चौकोनावर हात ठेवला आणि विचारलं, हा कोनी केला? ती पुढे झाली, दोन बोटं नसलेला हात पदराआड लपवत, आणि म्हणाली, मी.

परत येताना पॅसेंजरला बसायला जागा मिळाली. मुर्तिजापूर गेलं. मग तिनं विचारलं, "ताई, तुमच्या हातून कोनाचा बाद झाला का कधी?" मी म्हटलं, कधीच नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि बडनेरा येईपर्यंत तसाच राहू दिला.

हे पत्र मी टाकणार नाही. जठारपेठेतल्या घरी आता तुमची सून राहते, पाकीट ती उघडेल आणि घाबरेल, उगीच तिला कशाला त्रास. पण ही वही बंद करण्याआधी एक लिहिते, कारण ते फक्त तुम्हालाच समजेल. क्लास काढला त्याच्या पहिल्या वर्षी एक नवी नवरी येत होती, जवळच राहणारी. तिचा चौकोन चार सूत कमी भरला. बाकीच्या पाहत होत्या, मला क्लासचं नाव करायचं होतं, आणि मी तो तिच्या हातात देऊन म्हणाले, कमी भरला तो बाद, एकीसाठी बाकीच्यांचे कापायचे का? शब्द न् शब्द तुमचे, आवाजही तुमचाच. तिनं तो घडी करून पिशवीत ठेवला आणि पुन्हा आली नाही. दोन गल्ल्यांवर तिचं घर, मी कधी गेले नाही. पट्टी लावायचं मी तुमच्या रागानं सुरू केलं असं सगळ्यांना सांगते, पण सुरू केलं ते तिच्यानंतर. कापड तिनंही घरचंच आणलं होतं, कोणाचं ते सांगतही होती. कोणत्या रंगाचं होतं, ते मला आठवत नाही, बाई.